मोहाचे फूल आणि द्राक्षाची थंडी

नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा दाराबाहेर मार्चअखेरीस पहाटे उभे राहिले की मोहाखाली टपटप ऐकू येते. मांसल, पिवळट फुले रात्रभर गळत असतात. ती खायला हरणे आणि अस्वले येतात, वेचायला बाया टोपल्या घेऊन येतात. अभयारण्याच्या आत वेचायला मनाई, म्हणून वेचणी बाहेरच्या शिवारात. याच फुलाची दारू गाळणे गुन्हा आणि द्राक्षाची वाइन मात्र पर्यटन, असे का? हा प्रश्न घेऊन मी एका जानेवारीत नाशिकची वायनरी पाहायला गेलो.

तिथे आधी चव, मग जेवण असा क्रम होता. पाच पेले, पांढऱ्यापासून तांबड्यापर्यंत. पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. माहिती देणारा तरुण सारखा ‘थंड हवा’ म्हणत होता. मला नवल वाटले. वाइनचे जगातले जुने प्रदेश साधारण 30 ते 50 अक्षांशांत आहेत. नाशिक 20 वर आणि आमचा नागझिरा 21 च्या थोडा वर. मग ही थंडी आली कुठून?

ती आली उंचीतून आणि कॅलेंडरातून. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. शिवाय उष्ण प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून तिची छाटणी दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. त्यामुळे घड जानेवारी ते मार्चमध्ये, गार रात्रींत पिकतात. गारव्यात फळातले आम्ल टिकते, उकाड्यात ते झपाट्याने घटते. युरोपात उन्हाळ्यात वाढून शरदात उतरणारे पीक इथे हिवाळ्यात काढले जाते. पुढची थंडी यंत्राची: पोलादी टाक्यांभोवती गार पाणी खेळवून पांढरा रस साधारण 12 ते 18 अंशांवर आंबवतात. वास टिकतो तो त्यामुळे.

जेवताना मला मोह आठवला. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणजे आंबायला काहीच कमी नाही. पण ते आंबते एप्रिलच्या कडक उन्हात, मडक्यात. आम्ल कमी, उष्णता जास्त. असे आंबवण लवकर बिघडते. ते टिकवायचे तर भट्टीवर चढवून गाळावे लागते. द्राक्षाची वाइन झाली आणि मोहाची दारू झाली, यात हवामानाचाही वाटा आहे.

उरलेला वाटा कायद्याचा. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. त्याच चौकटीत मोहफुलांची साठवण आणि वाहतूक परवान्यात अडकली. द्राक्षासाठी मात्र राज्याने 2001 मध्ये प्रक्रिया-उद्योगाचे धोरण आणले. मोहफुलांवरचे निर्बंध सैल झाले ते 2021 मध्ये. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते.

तरीही भट्टीच्या जागी चवदालन उभे करा, असे मी म्हणणार नाही. शेजारच्या गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या, आग्रहातून. दारूने घर कसे मोडते ते त्यांनी पाहिले होते. वायनरीत घोट थुंकायला भांडे ठेवलेले असते. भट्टीवर ते कोण ठेवणार?

पण मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. वाळलेली फुले आमच्या भागात खाल्ली जातात, टंचाईत त्यांनी पोटे भरली आहेत, बियांचे तेल निघते. नाशिकला कोणता वेल कुठल्या उतारावर, किती तारखेला छाटला याची नोंद होती. आमच्या शिवारात कोणत्या मोहाची फुले अधिक गोड, हे वेचणाऱ्या बायांना पाठ आहे. ते अजून कोणी लिहून घेतलेले नाही. मी परत आल्यावर एक वही घेतली. पहिल्या पानावर चोरखमाऱ्याजवळच्या सात झाडांची नावे आहेत. ती बायांनीच ठेवलेली आहेत.