अंगठ्याखालचा सेकंद

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी फजरची नमाज आटोपून आम्ही दोघे पती-पत्नी आणि कॉलेजला जाणारी थोरली घराबाहेर पडलो, तेव्हा बार्शीत अजून अंधारच होता. धाकटा आमच्याआधीच निघून गेला होता. गावातल्या रोज पहाटे धावणाऱ्या काही मंडळींनी मुलांसाठी पाच किलोमीटरची दौड ठेवली होती. धावायला मुले भरपूर होती, वेळ घ्यायला माणसे मिळत नव्हती. थोरलीने आमची नावे आम्हाला न विचारताच देऊन टाकली होती. म्हणाली, "अब्बा, नुसत्या टाळ्या वाजवण्यापेक्षा काही कामाला या. अम्मीलाही घ्या."

आम्हाला वाटले, घड्याळाचे बटण दाबायचे, यात काय मोठेसे? पण एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी आम्हा सर्वांना बाजूला घेऊन जे सांगितले, ते ऐकून हे काम किती नाजूक आहे ते कळले.

पहिली गोष्ट, घड्याळ सुरू करायचे ते बंदुकीचा किंवा शिट्टीचा आवाज ऐकून नव्हे, तर धूर किंवा झेंडा पाहून. आवाजाला शंभर मीटर यायला साधारण ०.३ सेकंद लागतात. दुसरी गोष्ट, रेषेवर डोके, हात किंवा पाय पोहोचला म्हणजे मूल पोहोचले असे नाही. धड रेषेवर आले की वेळ धरायची. तिसरी गोष्ट, वेळ घेणारे तिघे असतात आणि कोणी कोणाला आपले घड्याळ दाखवायचे नसते. तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती धरतात. तिन्ही वेगळ्या निघाल्या तर मधली. दोनच घड्याळे असली आणि त्यांत फरक पडला तर जास्तीची वेळ खरी मानतात. रस्त्यावरच्या शर्यतीत सेकंदाचा अपूर्णांक उरला तर पुढचा पूर्ण सेकंद लिहितात. जगभरच्या ॲथलेटिक्सचे हेच नियम आहेत.

एक घड्याळ आम्हा दोघांकडे आले. एकाने दाबायचे, दुसऱ्याने लिहायचे. दुसरे घड्याळ त्या सरांकडे आणि तिसरे बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणाकडे होते. थोरली निकालाच्या टेबलावर बसली.

परांडा रस्त्याने अडीच किलोमीटर जाऊन मुले परत येणार होती. पहिली पंधरा मिनिटे काहीच काम नव्हते. चहा झाला, गप्पा झाल्या. मग वळणावर पहिला मुलगा दिसला आणि त्यानंतर श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. एकेकटे येतात तोवर ठीक असते. पाच-सहा जण एकदम आले की खरी परीक्षा. एक बटण दाबायचे राहून गेले तर त्याच्या मागच्या प्रत्येक मुलाला दुसऱ्याचीच वेळ लागते. म्हणून दर दहाव्या मुलाचा छातीवरचा नंबर मोठ्याने सांगून कागदावर खूण करायची पद्धत आहे. चूक झालीच तर त्या दहांतच सापडते.

वीस मिनिटांत किंवा त्याआधी येणाऱ्या मुलांना सरावाच्या पुढच्या गटात घेणार होते. धाकट्याने त्यासाठी चार महिने पहाटेची झोप मोडली होती. तो वळणावर दिसला तेव्हा आमच्या घड्याळात साडेएकोणीस होऊन गेले होते. शेवटचे पन्नास मीटर तो जीव तोडून धावला. आम्ही त्याच्याकडे पाहत होतो, घड्याळाकडे पाहत होतो, आणि मनात दुआ चालू होती. बटण दाबले गेले. १९ मिनिटे ५९.६ सेकंद. म्हणजे नियमाने वीस मिनिटे, बरोबर.

सगळी मुले आल्यावर तिन्ही कागद थोरलीसमोर गेले. धाकट्याच्या नंबरापुढे सरांनी २० मिनिटे ०.३ सेकंद लिहिले होते, त्या तरुणाने २० मिनिटे ०.५. थोरलीने क्षणभर आमच्याकडे पाहिले. आम्ही काहीच बोललो नाही. काय बोलणार? तिने मधली वेळ धरली, पुढचा पूर्ण सेकंद केला आणि भावाच्या नावापुढे लिहिले: २० मिनिटे १ सेकंद.

वाचकहो, आम्ही खोटे काही केले नव्हते. कागदावर घड्याळातलेच लिहिले होते. पण मूल रेषेवर येण्याआधीच आमचा अंगठा खाली गेला होता. तो दोघांपैकी कोणाचा होता ते इथे सांगत नाही, मन तर दोघांचेही त्यात होते. घासाघीस करून माप मारणारा दुकानदार आपण ओळखतो. मायेने मारलेले माप मात्र मारणाऱ्यालाही कळत नाही. ते आणखी दोन घड्याळांमुळे कळले. गटात जाण्यासाठी त्या रस्त्यावर दुसऱ्या आयांची मुलेही धावत होती.

माणसाच्या अंगठ्याला मर्यादा असतेच. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. हातघड्याळावर त्यांची वेळ ४५.६ सेकंद होती, स्वयंचलित यंत्रावर ४५.७३. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत आला. त्याचे सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. असा निवाडा यंत्रच करू शकते. गावच्या दौडीला असे यंत्र परवडत नाही. तिथे तीन माणसे आणि त्यांचा प्रामाणिकपणा, एवढेच यंत्र.

आपल्या इतिहासात या कामाला मान होता. मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणाऱ्या जाणकाराला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर हा मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. १३७१ मध्ये त्याने त्या मशिदीसाठी सूर्यघड्याळ बनवले. वेळ सांगणे ही साऱ्या वस्तीची अमानत होती.

त्या दिवशी घरी परतताना धाकटा गप्प होता. वाटेत त्याने विचारलेच, "तुमच्या घड्याळात किती आले होते?" लपवावेसे वाटले. पण सांगितले. तो थोडा वेळ चालत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही आधी दाबलं." आम्ही हो म्हणालो. घरी येऊन त्याने नाश्ता केला नाही, दुपारी मात्र नीट जेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे बूट दाराशी नव्हते.

आपल्या गावात अशी दौड असेल तर जरूर नाव द्या. पळता येत नसले तरी चालते. बायकांनीही यावे, थोरल्यांनीही यावे. साधे स्टॉपवॉच पुरते. मोबाइल वापरणार असाल तर तो भरून न्या आणि त्याचे फोन बंद ठेवा. लिहायला पेन्सिल घ्या, दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेन चालत नाही. आणि आपले मूल धावत असेल, तर आधीच सांगून दुसरे काम मागून घ्या.

यंदाही दौड आहे. धाकटा धावणार आहे. आम्ही दोघे वळणावर पाणी देणार आहोत.