खडकातील उष्णता आणि घराचा हिशेब

१९७३च्या तेलटंचाईने आयात तेलावर विसंबलेल्या स्वीडनला हादरवून सोडले, तेव्हा तेथील गृहस्थांची दृष्टी आपल्या पायाखालच्या खडकाकडे वळली, आणि आज त्या देशातील लाखो घरे दीर्घ हिवाळा त्या खडकातून उपसलेल्या उष्णतेवर काढतात. यंत्राने उष्णता उपसण्याची, म्हणजे उष्णता-पंपाची, कल्पना मात्र जुनीच; लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये तिची उपपत्ती मांडली होती.

ही उष्णता ज्वालामुखीची नव्हे. पृष्ठभागाखाली दहा-पंधरा मीटरांवर ऋतुचक्राचा प्रभाव जवळजवळ लोपतो आणि तापमान वर्षभर स्थिर राहते; स्टॉकहोमच्या परिसरात ते सुमारे सात ते नऊ अंश असते. शंभर-दोनशे मीटर खोल विंधनविवरात सोडलेल्या नळीतून पाणी व मद्यार्क यांचे न गोठणारे मिश्रण फिरते, खडकातील उष्णता वर आणते, आणि शीतकपाटातल्यासारखाच एक संपीडक ती उष्णता उच्च तापमानास चढवून घराच्या स्वाधीन करतो. विजेच्या एका एककामागे तीन-चार एकके ऊब मिळते, ती अशी.

तथापि ही किफायत यंत्राच्या जाहिरातीत शोधणे व्यर्थ होय, असे माझे स्पष्ट मत आहे. निसर्गाचा दंडक असा, की उष्णता जितकी उंच चढवावी तितकी वीज अधिक लागते: शून्य अंशावरून पस्तीस अंशांपर्यंत, म्हणजे फरशीखालून नळ्या फिरवलेल्या घरापुरती, चढवायची तर सैद्धांतिक मर्यादा जवळजवळ नऊपट आहे, जुन्या, लहान रेडिएटरांसाठी पंचावन्न अंश हवे असतील तर ती सहापटींवर उतरते, आणि प्रत्यक्षात हाती येते ते याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून यंत्राआधी भिंती, छप्पर आणि खिडक्या यांची पाहणी करून घराबाहेर झिरपणाऱ्या उष्णतेची मोजणी करावी.

त्यानंतर जमीन. ग्रॅनाइट उष्णता उत्तम वाहतो, कोरडी माती कृपण असते. आणि खर्च वाचवण्यासाठी विवर आखूड ठेवले, किंवा शेजाऱ्याच्या विवराला फार जवळ खणले, तर खडक वर्षागणिक थंडावत जातो व विजेचे बिल चढत जाते. यंत्र अवाजवी मोठे घेतल्यास तेही वारंवार सुरू-बंद होऊन झिजते. त्यापेक्षा कडाक्याच्या मोजक्या दिवसांपुरती विजेच्या तापकाची तजवीज शहाणपणाची. करारनाम्यात विवराची खोली, घरात फिरणाऱ्या पाण्याचे तापमान आणि त्या तापमानास संपूर्ण वर्षभराची सरासरी कार्यक्षमता, हे तिन्ही तपशील कंत्राटदाराकडून सहीनिशी लिहून घ्यावेत.