चढाची राइड: घाट, गिअर आणि सॅगची गाडी



येत्या वसंतात आपल्या वर्गातील काही कुटुंबे टेकड्यांमधल्या एका सामुदायिक सायकल राइडला जाण्याच्या विचारात आहेत. गेले दोन रविवार वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये हीच चर्चा चालू असते. नाव कोणत्या अंतराला द्यायचे, दहा मैल की चाळीस? मुलांना झेपेल का? चढ आला तर काय करायचे? त्या चर्चेला उपयोगी पडावी म्हणून ही माहिती लिहीत आहे. यात थोडे गणित आहे, पण ते सहावीच्या मुलाला समजेल इतकेच आहे.

राइड म्हणजे शर्यत नव्हे

टेक्ससमध्ये अशा राइडना ‘रॅली’ असेही म्हणतात. आपल्या भागातली सर्वांत प्रसिद्ध राइड म्हणजे विचिटा फॉल्सची ‘हॉटर एन हेल हंड्रेड’. ती १९८२ साली त्या शहराच्या शताब्दीनिमित्त सुरू झाली. शंभर वर्षे, शंभर मैल आणि शंभर अंश फॅरेनहाइट, अशी ती कल्पना. ऑगस्टच्या उन्हात हजारो लोक तिच्यात सायकल चालवतात.

सगळ्या राइडची पद्धत साधारण सारखीच असते. एकाच ठिकाणाहून लहानमोठ्या अंतराचे अनेक मार्ग निघतात. वाटेत काही मैलांवर विश्रांतीचे थांबे असतात, तिथे पाणी, केळी, संत्री, बिस्किटे मिळतात. सायकल बिघडली किंवा माणूस थकला तर त्याला उचलून आणायला एक गाडी फिरत असते, तिला ‘सॅग’ म्हणतात. लांबच्या मार्गावर वेळेची मर्यादाही असते. विचिटा फॉल्सला साधारण साठाव्या मैलाच्या आसपास ‘हेल्स गेट’ नावाची जागा आहे. ठरलेल्या वेळेपर्यंत तिथे न पोचलेल्यांना जवळच्या रस्त्याने परत वळवतात. ही शिक्षा नाही. दुपारच्या उन्हात कोणी रस्त्यावर अडकू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

शर्यतीत पहिला कोण हे महत्त्वाचे असते. राइडमध्ये सगळे सुखरूप परत आले की ती यशस्वी झाली.

आपला चढ आणि त्यांचा चढ

अर्विंगमध्ये सायकल चालवणाऱ्याला चढ शोधावा लागतो. ट्रिनिटी नदीकाठची कॅम्पियन ट्रेल सुंदर आहे, पण सपाट आहे. खरा चढ हवा असेल तर दक्षिणेला सीडर हिलकडे जावे. अर्विंग समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० फुटांवर आहे आणि सीडर हिल ८०० फुटांच्या वर. म्हणूनच टीव्ही केंद्रांचे उंच मनोरे तिथे उभे आहेत.

ही टेकडी म्हणजे चुनखडीच्या कठीण थराचा कडा आहे. त्याच्या पश्चिमेचा मऊ खडक झिजून गेला आणि कडा उरला. म्हणून जो पूल लेकच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, चढ उभा लागतो आणि पूर्वेला जमीन हळूहळू उतरत जाते.

आता आपला सह्याद्री आठवा. तो लाव्हारसाच्या थरांचा, काळ्या बसाल्टचा, आणि कितीतरी उंच. पण त्याचीही उभी बाजू पश्चिमेलाच, कोकणाकडे आहे! मुंबईहून पुण्याला जाताना खोपोलीपर्यंत रस्ता साधारण सपाट असतो, मग बोरघाट अंगावर येतो. खोपोलीची उंची सुमारे ६० मीटर आणि लोणावळ्याची सुमारे ६२० मीटर. एकदा घाटमाथा गाठला की पुण्यापर्यंत पठार.

मुंबई-पुणे सायकल शर्यत याच वाटेने होत आली आहे. या शर्यतीत पुण्याला पहिला पोचणाऱ्याइतकेच कौतुक घाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याचे होते. त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्सच्या ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीतही डोंगर चढण्यात सरस ठरणाऱ्याचा १९३३ पासून वेगळा सन्मान होतो, आणि १९७५ पासून त्याला लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा मिळतो. आमच्या पिढीतल्या मुलांना मात्र ‘घाटाचा राजा’ हीच पदवी अधिक भारदस्त वाटे.

चढ जड का जातो?

चढ टक्क्यांत मोजतात. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ५ मीटर उंच झाला, तर तो ५ टक्के चढ. ऐकायला पाच म्हणजे फारच थोडे वाटते, पण हिशेब पाहा.

समजा माणूस आणि सायकल मिळून वजन ८० किलो आहे. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना मुख्यतः टायरचे घर्षण आडवे येते. ते साधारण ४ न्यूटन. ५ टक्क्यांच्या चढावर गुरुत्वाकर्षण आणखी ३९ न्यूटनने मागे ओढते. म्हणजे एकूण ४३, सपाटीच्या जवळजवळ अकरा पट. डोळ्यांना किरकोळ वाटणारा चढ पायांना का जाणवतो, ते यावरून लक्षात येईल.

आगगाडीला तर याहूनही कमी चढ जड जातो. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणजे २.७ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ दिला नव्हता. तरीही आजसुद्धा कर्जतला गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने लावतात आणि ती गाडीला वर ढकलतात. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा रथ दिवेघाट चढतो, तेव्हा त्यालाही जादा बैलजोड्या जोडतात. रेल्वेला जादा इंजिने, रथाला जादा बैल. सायकलवाल्याकडे काय? त्याच्याकडे गिअर आहेत.

गिअरचे काम

गिअर शक्ती वाढवत नाही. एकच काम तो लहान लहान हप्त्यांत करू देतो.

समजा पुढच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्याला १६. पायडलच्या एका फेरीत मागचे चाक ३ वेळा फिरेल. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर एका फेरीत ६.३ मीटर अंतर. आता पुढे ३२ आणि मागे ३२ दाते असतील तर एका फेरीत फक्त २.१ मीटर.

ताशी ८ किलोमीटर वेगाने चढताना पहिल्या गिअरमध्ये मिनिटाला २१ फेऱ्या होतील, दुसऱ्यात ६३. काम तितकेच, पण पहिल्यात प्रत्येक फेरीला तिप्पट जोर लागेल. गुडघे दुखतात ते अशा वेळी. हा उसनवारीचा व्यवहार आहे: मोठी रक्कम एकदम फेडा किंवा लहान हप्त्यांनी. चढावर हप्ते बरे.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

१. गिअर चढ लागण्यापूर्वी बदलावा. चढात पूर्ण जोर देत असताना बदलला तर चेन कडकडते, कधी निसटते.

२. पाय मिनिटाला साठ ते ऐंशी फेऱ्या करत राहतील असा गिअर ठेवावा. मुलांनी मनात पाढे म्हणत लय धरली तरी चालेल.

३. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. चढाच्या सुरुवातीलाच बोलणे बंद पडले तर माथ्यापर्यंत दम टिकणार नाही.

सपाटीवर सगळे, चढावर एकेकटे

सायकलस्वार एकामागे एक का चालवतात? वाऱ्यासाठी. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम चांगले चतुर्थांशाने वाचू शकतात.

पण चढावर वेग आठ-दहावर येतो. तिथे हवा फारशी अडवत नाही, वजन अडवते, आणि वजनाला आडोसा नसतो. म्हणून सपाटीवर एकत्र असलेला गट चढावर विखुरतो. यात कोणी कोणाला सोडून गेले असे मुळीच नाही. प्रत्येकाने आपल्या गतीने चढावे आणि माथ्यावर, रस्त्याच्या कडेला, सर्वांची वाट पाहावी. मुलाबरोबर मात्र एक मोठे माणूस कायम मागे राहील, हे घरीच ठरवून घ्यावे.

काही आरोळ्याही ऐकू येतील. ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातो आहे, तुम्ही सरळ राहा. ‘कार बॅक’ म्हणजे मागून मोटार येते आहे. ‘होल’ म्हणजे खड्डा. थांबायचे असेल तर आधी ओरडून सांगावे, मग उजवीकडे रस्त्याबाहेर जाऊन थांबावे. आजीआजोबा सोबत येणार असतील तर त्यांना आठवण द्यावी: इथे सायकल उजव्या बाजूने!

उतार चढापेक्षा अवघड

चढ दमवतो, पण इजा बहुधा उतार करतो. ५ टक्क्यांच्या उतारावर पायडल न मारताही सायकल ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. विसाच्या वेगाला जितक्या अंतरात थांबता येते, त्याच्या चौपट अंतर चाळीसला लागते. हे दुप्पट नाही, चौपट आहे, हे मुलांकडून पाठ करून घ्यावे.

ब्रेक दोन्ही लावावेत, हळूहळू, आणि वळण येण्यापूर्वी. वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक घसरते. पुढच्या सायकलपासून चार-पाच सायकली मावतील इतके अंतर ठेवावे.

टेक्ससच्या टेकड्यांत आणखी दोन गोष्टी भेटतात. एक म्हणजे गुरे बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी नळ्यांची जाळी, ‘कॅटल गार्ड’. ती नेहमी सरळ, काटकोनात ओलांडावी, तिरकी नाही. दुसरी म्हणजे रस्त्यावरून वाहणारा ओढा, ‘लो वॉटर क्रॉसिंग’. तिथे शेवाळ असते. उतरून, सायकल हातात धरून जावे.

पाणी आणि शिदोरी

तहान लागण्याची वाट पाहू नये. घोट घोट पाणी पीत राहावे आणि उन्हात नुसते पाणी न पिता थोडे मीठही पोटात जाऊ द्यावे. थांब्यावरची बिस्किटे ठीक आहेत, पण खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि बाटलीत मीठ घातलेले कोकम सरबत असेल तर उत्तमच.

डोके दुखणे, मळमळणे, उन्हात थंडी वाजणे, असंबद्ध बोलणे, यातले काहीही दिसले तर लगेच थांबून सावलीत बसवावे, अंगावर पाणी ओतावे, स्वयंसेवकाला सांगावे. बोलणे असंबद्ध असेल तर ९११ला फोन करावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ असे म्हणू नये.

मग नाव कोणत्या अंतराला द्यावे?

आपल्या महाराष्ट्रातले काही लोक अमेरिकेत फार मोठी अंतरे चालवून गेले आहेत. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेकडे जाणारी सुमारे ३००० मैलांची शर्यत. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत पुरी केली. त्यांचा अभिमान जरूर वाटावा. पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता आणि सोबत मदतीची गाडी व माणसे होती, हेही मुलांना सांगावे.

आपल्याकडे एक सवय आहे. परीक्षा असो, स्पेलिंग बी असो, मूल सर्वांत वरच्या गटात असले म्हणजे बरे वाटते. सायकलच्या बाबतीत ही सवय बाजूला ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेत झेपले नाही तर गुण कमी मिळतात. चाळीस मैलांच्या मार्गावर पस्तिसाव्या मैलाला झेपेनासे झाले, तर समोर उतार असतो, हात थरथरत असतात आणि ब्रेक त्याच हातांनी लावायचे असतात.

साधा नियम असा: सरावात जे अंतर मूल हसत खेळत पूर्ण करते, त्याहून फार मोठे अंतर निवडू नये, आणि सराव सपाटीवर झाला असेल तर टेकड्यांसाठी ते अंतर एक तृतीयांशाने कमी करावे. कुटुंबाचे अंतर सर्वांत दमणाऱ्या माणसावरून ठरवावे. चढावर उतरून सायकल ढकलत नेणे हाही चढ चढण्याचाच एक प्रकार आहे. सॅगच्या गाडीत बसणे म्हणजे हरणे नव्हे. ती गाडी आयोजकांनी कोणीतरी बसावे म्हणूनच ठेवलेली असते. राइडला निघण्यापूर्वी हे वाक्य आईबाबांनी मुलांना स्वतःच्या तोंडाने सांगावे. आयत्या वेळी, दमलेले असताना, मूल ते विचारायला लाजते.

सरावासाठी कॅम्पियन ट्रेलवर आधी गिअर आणि आरोळ्या शिकाव्यात, मग एखाद्या रविवारी सकाळी लवकर सीडर हिलला चढ-उतार करून पाहावा.

सोडवा पाहू!

१. तुमचे आणि सायकलचे मिळून वजन ५२ किलो आहे. तुम्ही १०० मीटर उंच टेकडी चढलात. उंची चढण्याचे काम किती ज्यूल? (वजन × ९.८ × उंची)

२. आपले शरीर खाल्लेल्या अन्नाच्या साधारण चौथ्या हिश्श्याचेच असे काम करू शकते. एका पोळीत १०० कॅलरी धरल्या (आहारातली १ कॅलरी म्हणजे ४१८० ज्यूल), तर या टेकडीसाठी किती पोळ्या लागतील?

३. आजीआजोबांना फोन करून पुण्याच्या आसपासच्या तीन घाटांची नावे विचारा. त्यांनी कधी सायकलने घाट चढला होता का, तेही विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.

उत्तरे: १. ५०,९६० ज्यूल. २. सुमारे अर्धी पोळी. ३. दिवेघाट, कात्रज, ताम्हिणी किंवा आणखी कोणतेही. पाच ओळी मात्र ज्याच्या त्याच्या!