अश्वपालनासाठी जमीन निवडताना

गावाकडे जमीन घेऊन अश्वपालन करू इच्छिणारे बहुधा प्रथम क्षेत्रफळ पाहतात. घोड्याच्या दृष्टीने मात्र निचरा अधिक महत्त्वाचा असतो. मारवाडी व काठियावाडी जाती राजस्थान-सौराष्ट्राच्या कोरड्या प्रदेशात घडल्या. दख्खनच्या काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात खूर सतत ओले राहून सडू लागतात आणि उन्हाळ्यात भेगांत पाय अडकतो. म्हणून तबेल्यासाठी उंचवट्याची मुरमाड जागाच हवी. जमिनीची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी. फेब्रुवारीत प्रत्येक जमीन चांगलीच दिसते.

सुमारे ४०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज ८ किलोच्या आसपास शुष्क पदार्थ व २५ ते ४० लिटर पाणी लागते. चाऱ्याबाबत गाई-म्हशींचा अनुभव येथे फसवा ठरतो. हिरवी ज्वारी सतत चारल्यास घोड्यास मूत्राशयदाह होऊन मागील पायांचा तोल जाऊ शकतो. बुरशी लागलेला कडबाही धोक्याचा. घोड्याला ओकारी काढता येत नसल्याने पोटशूळ जिवावर बेततो. त्यामुळे ओट, लसूणघास व चांगल्या वाळलेल्या गवताची सोय जमीन घेण्यापूर्वीच पाहावी.

बांधावर कण्हेर असल्यास काढून टाकावी, कारण ती विषारी आहे. काटेरी तारेचे कुंपण टाळावे. पाणथळ जागी गोमाश्या वाढतात व त्यांच्या चाव्यातून सर्रा पसरतो.

नवीन घोडा आणण्यापूर्वी ग्लँडर्सची चाचणी अनिवार्य मानावी. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्यास दयामरण द्यावे लागते. चाचणीची सुविधा हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात आहे. नमुने पशुवैद्यकामार्फत पाठवावेत.