डंखाचा शेजार

मे महिन्यात करी रोड स्टेशनच्या पुलावरून उतरलं की आधी ठसका लागतो, मग लालबाग येतं. लहानपणी आईबरोबर मी इथे वर्षाच्या मसाल्यासाठी येत असे. मिरचीची इतकी दुकानं एकमेकांना खेटून का, हा प्रश्न तेव्हाचा. गिऱ्हाईक ओढायला शेजारी टपलेला असताना यांचा धंदा चालतो कसा?

अर्थशास्त्राकडे याचं जुनं उत्तर आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये दाखवलं, की एका धंद्याची माणसं एका ठिकाणी नांदली की कसबी कामगार मिळतो, पूरक धंदे जवळ उभे राहतात आणि त्या धंद्याचं ज्ञान आपोआप पसरतं.

लालबागेत हे तिन्ही दिसतं. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी घ्यायची. धणे, दगडफूल, नागकेशर निवडायचं. ते भाजून घ्यायचं आणि डंखावर कुटायला द्यायचं. डंखाची लोखंडी मुसळं यंत्राने उचलली जातात आणि उखळात आदळतात. एकट्यादुकट्या दुकानाने डंख बसवला, तर तो अर्धा दिवस रिकामा राहील. इथे मात्र शेजारच्या दुकानांचं गिऱ्हाईकही त्याच्यासमोर रांग लावतं. यंत्र तेच, माणूस तोच, पण दिवसाकाठी कुटलेला मसाला जास्त. उत्पादकता वाढते म्हणजे नेमकं हे. भाजणाऱ्याचंही तसंच. मालवणी, आगरी, गोडा असे दहा घरांचे मसाले रोज हाताखालून गेले की कोणता जिन्नस कधी उतरवायचा, हे हाताला कळू लागतं.

गिरणगाव याच न्यायाने वाढलं. 1854 साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली. पुढे परळ-लालबागपर्यंत गिरण्या पसरल्या आणि भोंग्याच्या हाकेवर चाळी उभ्या राहिल्या. कामगार, जॉबर, मिस्त्री, खानावळी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर निघू लागलं. गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची ठरली आणि 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीच्या विकासाची वाट मोकळी केली.

मला खटकतं ते इथे. जागेचं मोल वाढवलं ते सगळ्या शेजाराने, पण प्रॉपर्टी कार्डावर नाव लागतं एकट्या मालकाचं. शेजाराला कार्ड नसतं, म्हणून तो मोडला तर भरपाई कोणाला द्यायची, हा प्रश्नच उठत नाही.

आता चाळींच्या जागी टॉवर उठताहेत. पुनर्विकासात दुकानदाराला दुकानाच्या बदल्यात दुकान मिळेलही. पण मिरची भाजण्याचा खकाणा आणि डंखाचा दणका नव्या इमारतीला चालेल का? डंख उठला, तर दुकान जागेवर राहूनही पूर्वीसारखं चालणार नाही. कारण त्याची अर्धी ताकद त्याच्या चार भिंतींबाहेर होती.

गिरणगावातून उठलेली कुटुंबं डोंबिवलीहून, विरारहून आजही पिशव्या घेऊन इथे येतात. मीही त्यांतलाच. घराजवळ मिरची मिळत नाही असं नाही. पण निवडणं, भाजणं, कुटणं एका सकाळी आटोपून दुपारच्या गाडीने परतता येतं, ते इथूनच.