गाळ, भरती आणि तिवर

अबुधाबीत पाहुणे आले की आपण त्यांना जुबैल बेटावरच्या लाकडी पायवाटेवर हमखास नेतो. तिथली झाडे म्हणजे आपल्या कोकणातल्या खाड्यांमधली तिवरच. ओहोटीच्या वेळी झाडाभोवतीच्या चिखलातून पेन्सिलीसारखी असंख्य टोके वर आलेली दिसतात. मुले हटकून विचारतात, “हे काय?” ही तिवराची श्वासमुळे.

खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून ही मुळे वर येऊन सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. भरतीच्या पाण्याचा वेगही तीच मोडतात आणि पाण्यातला गाळ तिथे बसतो. दरवर्षी काही मिलिमीटरचा थर साठत गेला, तर वाढत्या समुद्रपातळीबरोबर जमीनही वर येते. एवढा गाळ या जंगलाला हवाच असतो. पण पुरामुळे किंवा ड्रेजिंगमुळे एकदम जाड थर पडला, तर श्वासमुळे गाडली जातात आणि झाड उभ्याउभ्या गुदमरते.

गाळाने पाण्याची वाट बुजली तरी जंगल मरते. कोलंबियातील सिएनागा ग्रांदे दे सांता मार्ता या खारसरोवराची कहाणी अशीच आहे. तिथे १९५६ मध्ये किनाऱ्यालगत महामार्गाचे काम सुरू झाले आणि समुद्राशी होणारी पाण्याची देवघेव तुटली. मागदालेना नदीकडून गोडे पाणी आणणारे प्रवाहही बांध आणि गाळामुळे अडले. जमिनीत मीठ साचत गेले. चार दशकांत निम्म्याहून अधिक खारफुटी नष्ट झाली. १९९० च्या दशकात बुजलेले कालवे उपसल्यावर मीठ धुऊन निघाले आणि रोपे आपसूक रुजू लागली. पुढे गाळ काढण्यात हयगय झाली, कालवे पुन्हा भरले आणि सावरलेल्या जंगलाला परत उतरती कळा लागली.

संयुक्त अरब अमिरातीने २०३० पर्यंत खारफुटीची १० कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला आहे. आपली मुलेही हौसेने रोपे लावायला जातात. त्यांना जरूर न्यावे. मात्र तिथे गेल्यावर आयोजकांना दोन गोष्टी विचाराव्यात: भरतीचे पाणी इथवर येऊन परत जाते का? आणि जवळपास ड्रेजिंग झाले, तर उपसलेला गाळ कुठे टाकतात? पाण्याची वाट मोकळी असेल तर तिवराचे बी भरतीबरोबर येऊन स्वतःच रुजते. ती बुजलेली असेल, तर हाताने लावलेली रोपेही फार काळ तग धरत नाहीत.