कंट्री संगीताची वाहिनी आणि तिचा श्रोता

फिडल, बँजो आणि गिटार या तंतुवाद्यांच्या साथीने गायिले जाणारे कंट्री संगीत हे मूलतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण प्रदेशाचे संगीत होय. त्याचा प्रसार झाला तो प्रामुख्याने रेडिओमुळे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी एका विमा कंपनीने १९२५ साली डब्ल्यू. एस. एम. हे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्या केंद्रावरून सुरू झालेला शनिवार रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने प्रसिद्धीस आला. १९३२ साली केंद्राची शक्ती ५०,००० वॅट झाली. मध्यम लहरी रात्रीच्या वेळी वातावरणाच्या वरच्या, विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जातात. त्यामुळे शेतावरील एकाकी घरातही नॅशव्हिलचे गाणे ऐकू येई. घर गावात आहे की रानात, याच्याशी त्या लहरींना कर्तव्य नव्हते.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र परिस्थिती निराळी होती. राष्ट्रीय पातळीवर कार्यक्रम पुरविणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या आणि त्यांचे लक्ष जाहिरातदारांना हव्या असलेल्या तरुण, शहरी प्रेक्षकाकडे होते. सी. बी. एस. या कंपनीने १९७१ साली आपले अनेक ग्रामीण विषयांचे कार्यक्रम एकदम बंद केले. त्यांत कंट्री संगीत आणि विनोद यांचा ‘ही हॉ’ हा कार्यक्रमही होता. निर्मात्यांनी तो परस्पर स्थानिक केंद्रांना पुरविण्यास सुरुवात केली, आणि तो पुढे सुमारे दोन दशके चालला. प्रेक्षक होता, त्याच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग तेवढा दुसऱ्यांच्या हाती होता.

नवा मार्ग केबलमुळे उपलब्ध झाला. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डोंगराळ भागातील काही गावांनी उंच जागी अँटेना उभारून तेथून घरोघर तार नेली होती. दूरच्या केंद्रांची चित्रे स्पष्ट दिसावीत, एवढाच त्यामागील हेतू होता. १९७५ साली एच. बी. ओ. या कंपनीने आपले कार्यक्रम उपग्रहामार्फत केबल कंपन्यांना पुरविण्यास आरंभ केला आणि केबलचे स्वरूपच पालटले. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील एकच उपग्रह देशभरच्या केबल कंपन्यांना एकाच वेळी कार्यक्रम देऊ शकत होता. एकाच विषयाला वाहिलेली वाहिनी चालविणे त्यामुळे परवडू लागले. १९८३ सालच्या ५ मार्च रोजी ‘कंट्री म्युझिक टेलिव्हिजन’ ही वाहिनी आणि लगेच ७ मार्च रोजी ‘द नॅशव्हिल नेटवर्क’ ही वाहिनी सुरू झाली. पहिलीचा भर गाण्यांच्या चित्रफितींवर होता. दुसरीवर मुलाखती, स्पर्धा आणि राल्फ एमरी यांचा ‘नॅशव्हिल नाउ’ हा प्रेक्षकांसमोर होणारा कार्यक्रम असे.

परंतु वाहिनी आकाशात असणे आणि ती घरात दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गावात कोणत्या वाहिन्या दाखवावयाच्या, हे केबल कंपनी ठरवीत असे. जुन्या यंत्रणांत केवळ १२ वाहिन्यांची सोय होती. तेथे नव्या वाहिनीला जागा द्यावयाची तर जुनी एखादी काढावी लागे. शिवाय वाहिनीचा क्रमांकही गावोगाव वेगळा असे. दुसऱ्या गावी राहावयास गेलेल्या कुटुंबाला छापील यादी पाहून किंवा एकेक क्रमांक फिरवून आपली वाहिनी नव्याने शोधावी लागे. ती यादीत नसली, तर कंपनीकडे मागणी नोंदविण्यावाचून इलाज नव्हता.

याहून मोठी अडचण तारेची होती. तारेतून जाणारा संकेत अंतराबरोबर क्षीण होतो, म्हणून ठराविक अंतरावर त्याचे वर्धन करावे लागते. एक किलोमीटर तार टाकण्याचा खर्च शंभर घरांत विभागला गेला तर तो परवडतो. दोनच घरांत विभागावा लागला तर परवडत नाही. साहजिकच गावाची वस्ती विरळ होऊ लागे तेथे तार थांबे. ज्या शेतकऱ्याचे हे संगीत, त्याचे घर बहुधा त्या टोकाच्या पलीकडे असे.

अशा कुटुंबांपैकी अनेकांनी अंगणात स्वतःची तबकडी उभारली. तिचा व्यास सुमारे तीन मीटर असे. उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे अमेरिकेतून ते दक्षिणेच्या आकाशात एका कमानीवर येतात. म्हणून त्या दिशेला झाड किंवा धान्याचे कोठार आडवे असून चालत नसे. वाहिनी पाहण्यासाठी प्रथम तबकडी योग्य त्या उपग्रहाकडे वळवावी लागे आणि नंतर त्यावरील विशिष्ट प्रक्षेपक निवडावा लागे. १९८४ सालच्या केबल कायद्याने घरगुती तबकड्यांना काही अटींवर मान्यता दिली. परंतु १९८६ च्या जानेवारीत एच. बी. ओ.ने आपले संकेत कूटबद्ध केले. पुढे इतर वाहिन्यांनीही तोच मार्ग स्वीकारला आणि तबकडीच्या मालकालाही मासिक वर्गणी भरणे भाग पडले. १९९४ साली सुमारे ४६ सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्या आल्या आणि तारेच्या पलीकडील घरांची अडचण बरीचशी दूर झाली.

मात्र वाहिनी घरापर्यंत पोचली म्हणजे ती कायमची आपली झाली, असे नव्हे. दोन्ही वाहिन्यांची मालकी कालांतराने मोठ्या कंपन्यांकडे गेली. २००० साली ‘द नॅशव्हिल नेटवर्क’चे नाव ‘द नॅशनल नेटवर्क’ झाले, २००३ साली ‘स्पाइक’ आणि २०१८ साली ‘पॅरामाउंट नेटवर्क’. नाव बदलत गेले, तसे कंट्री संगीतही त्या वाहिनीवरून नाहीसे झाले. ‘कंट्री म्युझिक टेलिव्हिजन’ने नाव टिकविले, पण तिच्यावरील संगीताचा वाटा उत्तरोत्तर घटत गेला. तारेच्या टोकाशी राहणाऱ्या ज्या श्रोत्याने तबकडी फिरवून ही वाहिनी शोधली होती, त्याला या निर्णयांत मत नव्हते. ‘ग्रँड ओल ऑप्री’ला मात्र २०२५ साली १०० वर्षे पूर्ण झाली, आणि तोवर शनिवार रात्रीचा तो कार्यक्रम डब्ल्यू. एस. एम.च्या मध्यम लहरींवरून ऐकू येतच होता.